आजारी मूल पाणी घेत नसेल तर...

भंडारा, प्रतिनिधी – पावसाळ्याच्या आरंभी जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते आणि त्याच सुमारास लहान मुलांमधील हगवण, उलट्या, ताप व सर्दी-खोकल्याच्या तक्रारीही वाढू लागतात. त्याआधी वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा साधा ताप आला तरी मुलाच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या बाबतीत अशा वेळी पालकांची खरी अडचण औषधाची नसते. मूल पाण्याचा घोटही घेत नाही, चमचा पुढे केला की तोंड फिरवते, बळेच पाजले तर ओकते, ही ती अडचण असते.

आजारी मुलाने दोन दिवस अन्न कमी खाल्ले तर फारसे बिघडत नाही. भूक नंतर भरून निघते. पाण्याचे तसे नाही. दहा किलो वजनाच्या मुलाला एरवीही दूध, वरण, पेज व पाणी धरून चोवीस तासांत साधारण एक लिटर द्रवपदार्थ लागतात. जुलाब, उलट्या व ताप यांमुळे जे बाहेर पडते ते वेगळे. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाच्या शरीरात पाण्याचा साठा थोडा आणि खर्च अधिक असल्याने जलशुष्कता काही तासांत गंभीर रूप धारण करू शकते. म्हणून मूल पीत नसेल तर ते का पीत नाही, हे पालकांनी सर्वप्रथम ओळखावयास हवे.

‘नको’ आणि ‘जमत नाही’

जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या उपचारासाठी जी पद्धत ठरवून दिली आहे आणि जिचे प्रशिक्षण आपल्याकडील आरोग्य कर्मचाऱ्यांना दिले जाते, तीत मुलाला पाणी देऊन पाहणे ही एक तपासणीच मानली आहे. हीच तपासणी घरी आईवडिलांनाही करता येते. मुलाला मांडीवर ताठ बसवून स्वच्छ पाण्याचा एक चमचा ओठांशी न्यावा आणि ते काय करते याकडे लक्ष द्यावे.

पहिल्या प्रकारात मूल चमचा ढकलते, रडते, रडताना डोळ्यांतून पाणी येते, ताप उतरला की थोडे खेळते, लघवीही होते. हे मूल ‘नको’ म्हणत आहे. त्याच्याजवळ नकार देण्याइतकी शक्ती आहे. येथे घरच्या प्रयत्नांना वेळ आहे.

दुसऱ्या प्रकारात मूल चिडचिडे व अस्वस्थ असते, डोळे खोल गेलेले दिसतात, तोंड कोरडे पडते आणि पाणी दिसताच ते चमचा किंवा पेला धरून अधाशासारखे पिते. ‘पाणी पितो आहे, म्हणजे बरा आहे’ असा समज येथे होऊ शकतो. मात्र ही तहान जलशुष्कता सुरू झाल्याचे लक्षण आहे. अशा मुलाला जलसंजीवनी देणे ताबडतोब सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसऱ्या प्रकारात मूल मलूल असते, हाक मारली तरी नीट जागे होत नाही, चमचा तोंडात रिता केला तरी गिळत नाही, पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते. या मुलाला पिणे ‘जमत नाही’. रडून घर डोक्यावर घेणारे मूल एकाएकी शांत झाले, की घरच्यांना हायसे वाटते आणि ‘आता झोपू द्या’ असे म्हटले जाते. जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाची अशी शांतता ही रडण्यापेक्षा अधिक चिंतेची बाब आहे. येथे चमच्याचे प्रयोग थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

त्वचेची एक साधी परीक्षाही उपयोगी पडते. बेंबी आणि पोटाची बाजू यांच्या मधली त्वचा चिमटीत धरून सोडावी. निरोगी मुलाची त्वचा लगेच पूर्ववत होते. ती सावकाश सपाट होत असेल तर पाणी कमी झाले आहे. दोन सेकंदांहून अधिक वेळ घडी तशीच राहत असेल तर जलशुष्कता गंभीर आहे. दीड वर्षाच्या आतील मुलाची टाळू खोल गेलेली दिसते, त्याचेही कारण बहुधा हेच असते. टाळूवर तेल थापल्याने ती वर येत नाही. शरीरात पाणी गेल्यावरच ती भरते.

चमच्याचे गणित

जलशुष्कतेची प्राथमिक लक्षणे असलेल्या मुलाला पहिल्या चार तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी, असे प्रमाण ठरलेले आहे. दहा किलोच्या मुलाला म्हणजे ७५० मिलिलिटर. पाणी नाकारणाऱ्या मुलाच्या पोटात एवढे जाणार कसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चहाच्या चमच्यात सुमारे पाच मिलिलिटर मावतात, हे ध्यानात घेतले की हिशेब सोपा होतो. साडेसातशे मिलिलिटर म्हणजे दीडशे चमचे. चार तासांत २४० मिनिटे असतात. दीड-पावणेदोन मिनिटांना एक चमचा दिला तरी पूर्ण मात्रा पोटात जाते.

पेलाभर पाणी एकदम पाजण्याचा अट्टहास येथेच फसतो. आजारात जठर नाजूक झालेले असते. ते भरकन ताणले गेले की उलटी होते आणि पाजलेले सारे बाहेर येते. तेच पाणी चमच्याचमच्याने दिले तर बहुतेक मुलांच्या पोटात टिकते. उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरुवात करावी, यावेळी दोन-तीन मिनिटांना एक चमचा या गतीने. ‘उलटी झाली, आता काही देऊ नका’ हा सल्ला कितीही वडीलधाऱ्यांकडून आला तरी तो मानू नये.

हे काम कंटाळवाणे आहे आणि एकट्या आईने चार तास करावे अशी अपेक्षाही योग्य नव्हे. आई, वडील, आजी यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. किती दिले ते अंदाजाने न सांगता मोजून ठेवावे. औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे खुणांचे झाकण त्यासाठी पुरते. जलशुष्कतेची लक्षणे नसतील तर प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला, आणि त्यापुढील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे.

नकार देणाऱ्या मुलासाठी

मूल का नाकारते यामागील कारण शोधल्यास निम्मे काम होते. ताप चढलेला असताना काहीच नकोसे वाटते. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंग निवते. पाजण्यासाठी ती वेळ साधावी. नाक चोंदले असेल तर तोंडाने श्वास घेत पिणे मुलाला जमत नाही. पाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालून नाक मोकळे करावे. तोंड आले असेल, घसा सुजला असेल किंवा हात-पाय-तोंडाच्या आजाराचे फोड जिभेवर असतील तर आंबट व खारट पदार्थ झोंबतात. अशा वेळी लिंबूपाणी व आंबट ताक बाजूला ठेवून थंड दूध, गार केलेली पातळ खीर किंवा मऊ भाताची गार पेज द्यावी.

चव न आवडल्यास जलसंजीवनी थंड करून पाहावी. कुल्फीच्या साच्यात गोठवून ती चोखावयास दिली तर पेल्याला हात न लावणारी मुलेही घेतात. मात्र मूल बसलेले असावे आणि जवळ मोठे माणूस असावे. बर्फाचे सुटे खडे देऊ नयेत, ते घशात अडकण्याची भीती असते. पेला, वाटी-चमचा, नळी किंवा मोठ्या भावंडाची बाटली यांपैकी जे मुलाला हवे ते त्याच्या हाती द्यावे. या वयात ‘मी घेतो’ याचे आकर्षण मोठे असते.

चमचाही नाकारला तर औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली पिचकारी किंवा थेंबनळी वापरावी. मुलाला ताठ बसवून ती गालाच्या आतील बाजूला टेकवावी आणि एका वेळी एक-दोन मिलिलिटर सोडून मूल गिळेपर्यंत थांबावे. घशावर सरळ धार मारू नये. मुलाला आडवे निजवून, हातपाय दाबून किंवा नाक धरून पाजण्याची रीत अत्यंत धोकादायक आहे. श्वास घेण्यासाठी मूल धडपडते आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात तर काहीच ओतू नये.

अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध कोणत्याही आजारात तोडू नये. उलट अधिक वेळा पाजावे. पुष्कळदा इतर सर्व नाकारणारे मूल आईचे दूध मात्र घेते. सहा महिन्यांच्या आतील बाळाची गोष्ट वेगळी आहे. त्याने दूध ओढणे कमी केले तर घरी प्रयोग न करता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

जलसंजीवनी का आणि कशी

साधे पाणी भरपूर दिले तरी जुलाबात गेलेले क्षार त्यातून मिळत नाहीत. आतड्याच्या अस्तरात अशी रचना आहे, की ग्लुकोज आणि सोडियम योग्य प्रमाणात एकत्र आले म्हणजे ते जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा बंद होत नाही. जलसंजीवनीचे सारे सामर्थ्य यात आहे.

त्याचा मोठा पुरावा १९७१ मध्ये मिळाला. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले. रुग्णांच्या नातेवाइकांनी ते पेल्यापेल्याने पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉ. महालनबीस यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. घरच्या माणसाच्या हातातील पेला सलाइनच्या बाटलीची जागा घेऊ शकतो, हे त्या छावणीने दाखवून दिले.

आज वापरात असलेले सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारले. एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे ते प्रमाण आहे. सुमारे २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटरसाठी, तर चार-साडेचार ग्रॅमचे लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी असते. पाकिटावरील सूचना वाचूनच पाणी घ्यावे. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवल्यास क्षार प्रमाणाबाहेर जाऊन अपाय होतो. ‘थोडी थोडी पूड’ काढून द्रावण करणेही तितकेच चुकीचे. पाणी आधी उकळून गार करावे, पूड घातल्यावर पुन्हा उकळू नये. वरून साखर, मीठ, दूध किंवा फळांचा रस मिसळू नये. तयार द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि अनेक घरांत पिण्याचे पाणी आजही पितळी गुंडात असते. मात्र कलई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट-खारट पदार्थ ठेवू नये, हा स्वयंपाकघरातील जुना नियम जलसंजीवनीलाही लागू आहे. ती काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करावी.

पाकीट हाताशी नसेल तर ते मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण करता येते. मिठाचे माप चुकू देऊ नये. धानाच्या या जिल्ह्यात प्रत्येक घरी होऊ शकणारी तांदळाची पेज, किंचित मीठ घालून, उत्तम पूरक आहे. गोडसर ताक, वरणाचे पाणी व नारळपाणी हेही चालते. परंतु जुलाब अधिक असतील तर यांपैकी काहीही जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

काय देऊ नये

चहा, शीतपेये, डब्यातील फळांचे रस आणि निव्वळ ग्लुकोजची पूड यांत साखर फार असते. ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. काही गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवत बाजारात विकली जात होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढून अन्नपदार्थांच्या नावात या अक्षरांचा वापर करण्यास दिलेली पूर्वीची मुभा काढून घेतली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. पालकांनी वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहूनच पाकीट घ्यावे.

जुलाब थांबवण्याच्या मोठ्या माणसांच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. बहुतेक अतिसार विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांचाही उपयोग होत नाही. ती डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावीत. झिंकच्या गोळीचा मात्र लाभ आहे. सहा महिन्यांपुढील मुलास रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे ती १४ दिवस द्यावी. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी मात्रा पूर्ण करावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे जलसंजीवनी व झिंक विनामूल्य देण्याची शासकीय योजना आहे.

लघवीवर लक्ष

मूल पुरेसे पीत आहे की नाही, याचा भरवशाचा पुरावा लघवीत मिळतो. दोन-चार तासांनी फिकट लघवी होत असेल तर चिंता नको. गडद पिवळी व थोडी होत असेल तर प्रमाण वाढवावे. सहा ते आठ तास लघवीच झाली नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. पातळ शौचात लघवी मिसळल्याने लंगोट पाहून फसगत होऊ शकते, म्हणून वेळ टिपून ठेवणे इष्ट.

लघवी बंद होण्यामागे पाण्याखेरीज अन्य कारणही असू शकते, याची आठवण विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील २०२५ मधील घटनेने करून दिली. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले खोकल्याचे औषध घेतल्याने वीसहून अधिक बालकांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणण्यात आले होते. सर्दी-तापाच्या मुलाला दुकानातून परस्पर औषध आणून देऊ नये आणि औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाल्यास औषधाच्या बाटलीसह डॉक्टरांकडे जावे.

केव्हा थांबू नये

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरी वाट पाहू नये :

– मूल काहीच पिऊ शकत नाही, किंवा घेतलेले सर्व ओकते.
– मूल मलूल आहे, नीट जागे होत नाही, किंवा झटके आले आहेत.
– डोळे खोल गेले आहेत, रडताना अश्रू नाहीत, हातपाय गार पडले आहेत.
– सहा ते आठ तासांत लघवी नाही.
– शौचात रक्त, हिरवी उलटी किंवा पोट फुगलेले आहे.
– श्वास जलद आहे (एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक), किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
– मूल अतिकुपोषित आहे. अशा मुलांचे द्रवोपचार रुग्णालयातच व्हावेत.

जिल्ह्यात तुमसर व साकोली येथे उपजिल्हा रुग्णालये, भंडारा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तालुक्यांच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालये आहेत. ‘थेट नागपूरला नेऊ’ असा विचार अनेक कुटुंबे करतात. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि लाखांदूर किंवा साकोलीकडून निघाल्यास अंतर आणखी वाढते. गंभीर जलशुष्कतेत पहिले सलाइन जितक्या लवकर लागेल तितके चांगले. म्हणून जेथे सलाइन लावता येते असे सर्वांत जवळचे रुग्णालय आधी गाठावे. पुढे न्यावयाचे की नाही, हे तेथील डॉक्टर ठरवतील. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सेवा विनामूल्य आहे. मूल गिळू शकत असेल तर वाटेत जलसंजीवनीचे चमचे चालू ठेवावेत. रुग्णालयात प्रत्येक मुलाला सलाइनच लावतात असेही नाही. काहींना नाकातून जठरात नळी घालून तीच जलसंजीवनी दिली जाते.

डॉक्टरांपुढे गेल्यावर ‘काहीच घेत नाही’ एवढ्याने निदानास मदत होत नाही. गेल्या बारा तासांत किती चमचे पोटात गेले, किती उलट्या व शौच झाले, शेवटची लघवी केव्हा झाली, कोणते औषध किती वाजता दिले आणि मुलाचे वजन किती, या पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

अतिसाराच्या एका मोठ्या कारणावर लसही उपलब्ध आहे. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रातील नियमित लसीकरणात २०१९ पासून समाविष्ट असून ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडाने दिली जाते. शौचानंतर व भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे आणि पावसाळ्यात पाणी उकळून पिणे यांना पर्याय नाही. जलसंजीवनीची दोन पाकिटे, झिंकच्या गोळ्या आणि पाच मिलिलिटरची खूण असलेले झाकण घरातील औषधांच्या डब्यात आधीपासून असावे. रात्री दोन वाजता मूल ओकू लागते, तेव्हा औषधाचे दुकान उघडे नसते.